कचेरीतला उपरा नाताळ

डिसेंबरचा पहिला पंधरवडा सरत आला की शहरांतील कचेऱ्यांत एक समिती जन्माला येते. कंपन्यांत ती मनुष्यबळ विभागाच्या आशीर्वादाने येते, महाविद्यालयांत ‘सांस्कृतिक’ या ऐसपैस विशेषणाखाली येते. तिच्यापुढचे विषय ठरलेले असतात: वर्गणी किती, लाल टोप्या किती डझन, केक कोणत्या बेकरीचा, सांताक्लॉज कोणाला करायचे (बहुधा पोट सुटलेल्या हिशेबनिसाला), आणि चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गुपचूप द्यावयाच्या भेटींची कमाल किंमत काय. ज्याचा जन्मोत्सव आहे त्याचे नाव या चर्चेत कोठे निघत नाही. ज्यांच्या घरी हा सण असतो त्यांचेही निघत नाही.

या समितीसमोर दुसरा एक पक्ष दंड थोपटून उभा असतो. ‘हे साहेबांचे सण आपल्या कचेरीत कशाला?’ असा त्याचा सवाल असतो. या पक्षाला कचेरीतल्या सत्यनारायणात किंवा दसऱ्याला संगणकाच्या गळ्यात पडणाऱ्या झेंडूच्या माळेत काही वावगे दिसत नाही. कचेरीत कोणताच धर्म नको, असे तो म्हणता तर त्याच्याशी निराळा वाद घालता आला असता. पण तो तसे म्हणत नाही. समितीला नाताळ परका म्हणून हवा, या पक्षाला तो परका म्हणूनच नको. एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या दोघांचे एका गृहीतकावर मात्र संपूर्ण एकमत आहे, आणि आमचे भांडण त्या गृहीतकाशी आहे.

आम्ही मराठीचे अध्यापन करतो. तेव्हा साक्षीपुरावा मराठीतूनच देतो. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि पाव, बटाटा, चावी, तिजोरी या शब्दांसारखाच इथला होऊन गेला. तिजोरीला परकी म्हणून कोणी घराबाहेर काढल्याचे ऐकिवात नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्तजन्माची कथा मराठीत आली, तीही आपल्या पुराणांच्या घाटात. समिती ज्या गुबगुबीत, लालबुंद सांताच्या पायघड्या घालते, त्याचे ते रूप हॅडन संडब्लॉम या चित्रकाराने १९३१पासून कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी रंगवले आणि त्या जाहिरातींनीच ते जगभर रुजवले. म्हणजे मराठी ओवीतला ख्रिस्तजन्म या सांतापेक्षा तीनशे पंधरा वर्षांनी वडील आहे. यांतला परका कोणता, हे वाचकांनीच ठरवावे.

पुढचा वंशही लहान नाही. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरला निघाले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते वर्गात शिकवतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी आपल्या प्रभूला आळवण्यासाठी अभंग आणि कीर्तनच निवडले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’शिवाय मराठी आत्मचरित्राचा विचार करता येत नाही. नगर जिल्ह्यात ज्यांनी हा धर्म स्वीकारला, त्यांत गावकुसाबाहेरचे महार-मांग बहुसंख्य होते. तेव्हा नाताळला ‘साहेबांचा सण’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खेड्यांतून हिंडून यावे. तिथे करंज्या-चकल्यांचा फराळ होतो, टाळ-मृदंगाच्या साथीने भजने होतात. गोव्यातल्या नाताळच्या ताटातली नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. वसईच्या ख्रिस्ती घरांवर लागणारी कागदी चांदणी आणि दिवाळीचा आकाशकंदील यांचे नाते सांगायला कोण्या संशोधकाची गरज नाही.

कोणी म्हणेल, हा इतिहास झाला. आज त्याचे काय? आजचे असे की, २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्यावरून काहींनी विरोध केला. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारा, वसईच्या मातीसाठी लढलेला माणूस. मराठीचा अध्यक्ष होण्यासाठी त्याने आणखी काय करायचे राहिले होते? तो विरोध एका रात्रीत उगवलेला नाही. मराठी ख्रिस्ती माणूस मनाने कोठला तरी बाहेरचा आहे, ही समजूत आपण हसतखेळत जोपासतो, आणि कचेरीतली ही पार्टी तिला दर डिसेंबरात खतपाणी घालते.

कसे ते पाहा. कचेरीत एखादी ख्रिस्ती सहकारी असते. ‘मॅडम, तुम्ही तर यांतल्या तज्ज्ञ’ असे म्हणून केकची जबाबदारी तिच्या गळ्यात पडते. मग एखादे इंग्रजी कॅरोल म्हणण्याचा आग्रह होतो. ती असते श्रीरामपूरकडची. तिच्या कानांत टिळकांची पदे असतात. इंग्रजी गाणे येत नाही म्हटल्यावर मंडळींना नवल वाटते, आणि आपल्याच सणात आपण कमी पडलो असा भाव तिच्या चेहऱ्यावर उमटतो. समितीने पार्टी ठेवलेली असते २४ तारखेच्या संध्याकाळी. नेमकी तेव्हाच तिला गावाकडची एस.टी. गाठायची असते, कॅथलिक असेल तर मध्यरात्रीच्या मिस्साला पोचायचे असते. म्हणजे नाताळची पार्टी ठरते ती नाताळ पाळणाऱ्याला येता येणार नाही अशा वेळी. एवढे बिनचूक नियोजन योगायोगाने होत नसते. ते त्या माणसाचा विचारच मनात न आल्याने होते.

यावर ठरलेले उत्तर असे, की चार घटका मौज आहे, तिच्यावर एवढे गांभीर्य कशाला लादता? मौजेला आमची ना नाही. पण कचेरीतल्या नाताळाचे साहित्यातले सर्वांत गाजलेले चित्र डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये (१८४३) आहे. म्हातारा फेझिविग काम थांबवून वखार झाडून घेतो आणि नाच मांडतो. त्या नाचाला उमेदवार कारकुनांबरोबर मोलकरीण येते, स्वयंपाकीण येते, दूधवाला येतो, आणि मालक पोटभर खायला घालत नसावा असा ज्याच्याबद्दल संशय आहे तो समोरचा पोरगाही येतो. खर्च चार-दोन पौंडांचा, पण आनंद सगळ्यांचा. आमच्या समितीच्या यादीत दारावरचा रखवालदार नसतो, झाडलोट करणाऱ्या बाई नसतात. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक वर्गणीच्या यादीत असतो, समितीत नसतो. गोठ्यात जन्मलेल्या आणि मेंढपाळांनी प्रथम पाहिलेल्या बालकाच्या नावाने ही पंगत बसते.

म्हणून आमचे म्हणणे दोन वाक्यांचे आहे. टोप्या, केक आणि चिठ्ठ्या एवढेच हवे असेल तर त्याला ‘वर्षअखेरचे स्नेहसंमेलन’ म्हणावे आणि खुशाल नाचावे. नाताळचे नाव घ्यायचे असेल तर तारीख त्या सहकारी बाईंना विचारून ठरवावी, ताटात केकशेजारी करंजी असावी, टिळकांचे एखादे पद ज्याला येईल त्याने म्हणावे, आणि रखवालदारालाही खुर्ची असावी. यासाठी वर्गणीत एका रुपयाचीही वाढ करावी लागणार नाही.