दोन मिनिटांची जागा

"दोनच मिनिटं हो, आत्ता आले!" असं म्हणत आपण गाडी कुठं कुठं उभी करतो, आठवून बघा बरं.

परवा संध्याकाळी जरीपटक्याच्या बाजारात ही गर्दी! एका दुकानापुढं चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेली जागा रिकामी दिसली आणि मी स्कूटर तिथं लावून मोकळी झाले. परत येते तो मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर एक बाई खोळंबलेल्या. कुबड्या पायाशी. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "होऊ द्या तुमचं," एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही जागा दाराजवळ असते, एवढंच तिचं महत्त्व नाही बरं का. खरी गरज रुंदीची. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोटारीसाठी ती ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट हवी. दार पुरतं उघडून चाकाची खुर्ची शेजारी लावता यावी, म्हणून. आपली एक स्कूटर कडेला घुसली की तो मोकळा भाग गेलाच. दुकानाच्या उतारासमोर गाडी लावली तरी तेच.

पण म्हणून दुसरीवर पहारा करायला जाऊ नका. तिथं कुणी धडधाकट दिसणारं उतरलं की लगेच टोमणा नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत. त्यात जरीपटक्यातल्या सिंधी शेजारणींकडून आपण ज्याचं नाव ऐकतो तो थॅलेसेमिया आहे, आणि आपल्या विदर्भाच्या ओळखीचा सिकलसेलही. सिकलसेलच्या पोराची हाडं दुखायला लागली की चार पावलं टाकणं कठीण. एरवी ते चारचौघांसारखंच दिसतं. त्या आईला भर बाजारात खुलासा करायला लावू नये.

तान्हं बाळ कडेवर असलेल्या बाईचं काय? पाटी असो नसो, जवळची जागा तिला सोडावी. पंगतीत लेकुरवाळीला आपण आधी बसवतोच की!

आणि मुलं मागच्या सीटवरून सारं बघत असतात, हेही विसरू नका. गाडी थोडी लांब लावू या. दोन मिनिटं जायचीच असतील, तर ती आपल्या चालण्यात जाऊ द्यात.