एसेरा तुआओलो: ९ हंगाम एनएफएल खेळलेल्या खेळाडूने समलैंगिक असल्याचं निवृत्तीनंतरच का सांगितलं?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये एसेरा तुआओलो ९ हंगाम खेळले. जानेवारी १९९९मध्ये ते अटलांटा फाल्कन्सकडून सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्येही उतरले. पण आपण समलैंगिक आहोत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं थेट २००२मध्ये. तेव्हा ते निवृत्त झाले होते.

कोण आहेत तुआओलो?

तुआओलो हवाईतल्या सामोअन कुटुंबातले. १९९१मध्ये ग्रीन बे पॅकर्स संघाने त्यांना घेतलं. त्याच वर्षी एका सामन्याआधी त्यांनी मैदानावर राष्ट्रगीत गायलं आणि मग तोच सामना खेळले. त्यांचा आवाज स्टेडियमभर पोहोचला, पण स्वतःबद्दल बोलायची सोय नव्हती.

भीती कशाची होती?

चांगला खेळ केला तरी त्यांना धास्ती वाटायची. टीव्हीवर चेहरा झळकला आणि कुणी ओळखून गुपित फोडलं तर? त्यामागे व्यवहारही होता. एनएफएलमधले बरेचसे करार पूर्ण पैशांची हमी देत नाहीत. क्लब खेळाडूला मधेच काढू शकतो आणि कारण 'खेळातली कामगिरी' असं सांगितलं जाऊ शकतं. भेदभाव झाला हे सिद्ध करणार कसं?

ही भीती अनाठायी नव्हती. तुआओलो यांच्या मुलाखतीनंतर गॅरिसन हर्स्ट या तेव्हाच्या खेळाडूने आपल्या संघात समलैंगिक खेळाडू नको, असं म्हटलं. नंतर त्यांनी माफी मागितली.

पुढे काय बदललं?

तुआओलो यांच्याआधी डेव्हिड कोपे १९७५मध्ये बोलले होते, तेही निवृत्तीनंतरच. २०१४मध्ये मायकल सॅम आधीच उघडपणे बोलले. त्यांची निवड झाली, पण एनएफएलच्या नियमित हंगामात ते एकही सामना खेळू शकले नाहीत. २०२१मध्ये कार्ल नॅसिब खेळत असतानाच बोलले आणि त्यानंतरही खेळत राहिले. कोपे ते नॅसिब, या प्रवासाला ४६ वर्षं लागली.

तुआओलो २०१७मध्ये 'द व्हॉइस' या गाण्याच्या शोमध्ये दिसले. समलैंगिकांच्या हक्कांसाठी ते आजवर अनेक ठिकाणी बोलले आहेत.

निवृत्त खेळाडूच्या धाडसाचं कौतुक व्हायलाच हवं. पण खेळ किती बदलला, हे मोजायचं असेल तर एकच प्रश्न पुरेसा आहे: खरं बोलल्यावर खेळाडूला पुढचा सामना खेळायला मिळतो का?