तोरण कुणी केलं?



दिवाळी तोंडावर आली आहे. फराळाचं तुम्ही बघालच, मी आज सजावटीवर लिहिणार आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

गेल्या वर्षी भगवान महावीरांच्या निर्वाण कल्याणकानिमित्त आमच्या मंदिराच्या पाठशाळेने मुलांसाठी तोरणाची स्पर्धा ठेवली होती. माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती. दोन संध्याकाळी बसून तिनं कागदाची फुलं कातरली. एका फुलाला तीन पाकळ्या, तर दुसऱ्याला नऊ. दोरा मध्येच सैल, मध्येच ताठ. मी "छान झालंय हं" म्हणाले, आणि ती झोपल्यावर रात्री अकरा वाजता तिचं तोरण बाजूला सारून माझं करायला बसले. सोनेरी लेस, मोती, टिकल्या, गोंडे, मध्ये आरसा. पहिला नंबर आला, बक्षीस म्हणून रंगपेटी मिळाली. घरी येताना लेक म्हणाली, "आई, आपलं नसलेलं घेतलं की चोरी होते ना? मग ही पेटी?"

त्याच महिन्यात पाठशाळेत पाच अणुव्रतं शिकवली होती. अचौर्य तिला समजलं होतं. मी मात्र ते पंचवीस वर्षं नुसतं पाठ म्हणत आले होते.

रंगपेटी कपाटात तशीच राहिली. या भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला, तेव्हा ती पेटी घेऊन आम्ही दोघी ज्याचा दुसरा नंबर आला होता त्या मुलाच्या घरी गेलो. "उत्तम क्षमा" म्हटलं, सगळं सांगितलं. त्याची आई आधी गंभीर झाली, मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. म्हणाली, "वहिनी, आमचं तरी त्यानं कुठं केलं होतं? मीच केलं होतं."

म्हणजे स्पर्धा आम्हा दोघींचीच झाली होती, आणि मुलं शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

माझं म्हणणं सरळ आहे. सणाची सजावट लहान मुलांच्या हातून होऊ द्या, आणि आपला हात आखडता ठेवा. ती वाकडी होईल, तर होऊ द्या. हौस म्हणून मी हे म्हणत नाही. जीवदया, अचौर्य, अपरिग्रह हे शब्द मुलं पाठशाळेत पाठ करतात, पण ते हातात उतरायला हाताला काहीतरी काम लागतं. आणि हे काम आपल्या सोनपेठसारख्या गावात जितकं सोपं आहे तितकं मोठ्या शहरात नाही, कारण सामान अंगणाबाहेर पडलेलं असतं.

आकाशकंदिलाचंच बघा. आमच्या लहानपणी ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करायचो, आठवतं? धांड्याची साल सोलून काढायची, आतलं मऊ भेंड वेगळं करायचं, आणि सालीचे टोकदार तुकडे भेंडात खुपसत जायचं. डिंक लागत नाही, खिळा लागत नाही. चाकं, जू, दांडी, अगदी चष्मेसुद्धा व्हायचे. त्याच पद्धतीनं बारा सारख्या लांबीच्या कांड्या घेतल्या की चौकोनी पेटीसारखा सांगाडा उभा राहतो. बाहेरून पतंगाचा कागद लावला की कंदील तयार. सालीनं बोट कापतं, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनी करावं. खुपसायचं काम मुलांचं, ते त्यांना फार आवडतं.

सोयाबीनच्या लाटेत आमच्याकडे खरिपाची ज्वारी आता थोडीच पेरतात. दिरांनी शेतातून वीस-पंचवीस धांडे आणून दिले. चांगले वाळलेले होते. लेकीनं एक धांडा हातात घेतला तर त्याला बारीक भोक. मी म्हटलं, असू दे, तेवढा भाग कापून टाकू. तिनं तो उभा चिरायला लावला. आत अळी! मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, मुटकुळं करून पडलेली. दिरांनी सांगितलं, ही खोडकिडीची अळी. पीक काढल्यावर वाळलेल्या धाटात ती महिनोन् महिने झोपून राहते, पुढच्या पावसाळ्यापर्यंतसुद्धा. शेतकऱ्याची ती वैरीच.

लेक काही बोलली नाही. तिनं तो धांडा पुन्हा मिटवला, वर दोरा गुंडाळला आणि म्हणाली, "हा शेतात ठेवून या." दिरांनी कपाळावर हात मारला. "आता अळीला माहेरी पोचवू का?" म्हणाले. पण संध्याकाळी गेले, आणि बांधावर ठेवून आले. त्यानंतर तिनं सगळे धांडे एकेक करून उजेडात फिरवून बघितले, भोक असलेले वेगळे काढले. तेरा उरले. त्यामुळे यंदाचा कंदील ठरवला होता त्याच्या निम्मा झाला.

"एकेंद्रिय, द्वींद्रिय, त्रींद्रिय" ती पाठशाळेत घडाघडा म्हणते. पण जीव असा झोपलेला असतो, आणि आपण सुरी चालवायच्या आधी बघायचं असतं, हे तिला त्या धांड्यानं शिकवलं. मी रात्री एकटीनं कंदील केला असता तर मी तो धांडा सरळ कापला असता, हेही सांगून टाकते.

सामानाचा विचार अशा वेळी आपोआप होतो. चिकटवायला काय घ्यायचं? सुतारकामात जुन्या काळी वापरायचे ते सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, ते आपल्या घरात नको. कणकेची किंवा मैद्याची खळ उत्तम. पण जुनी माणसं खळीला किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायची. मोरचूद विषारी असतं, लहान मुलांच्या हातात ते मुळीच द्यायचं नाही, आणि किड्यासाठीही ते विषच. मी वाटीभरच खळ शिजवते, त्याच दिवशी संपवते, उरलेली फेकून भांडं घासून टाकते. ठेवायचीच नाही, म्हणजे विषही नको आणि किडाही नको.

चमकी मी बंद केली आहे. ती प्लॅस्टिकच असते, झाडून झाडून घरात उरते आणि शेवटी नाल्यात जाते. युरोपियन युनियनने सुट्या प्लॅस्टिक चमकीवर २०२३ मध्ये निर्बंध आणले. थर्माकोलच्या सजावटीला तर आपल्याकडेच मनाई आहे. महाराष्ट्रात २०१८ ला प्लॅस्टिक-थर्माकोल बंदी आली, देशभर सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून बंद झालं. तरी महावीर जयंतीच्या चित्ररथाला थर्माकोलचं सिद्धशिखर दिसतंच कुठे ना कुठे. अहिंसेच्या मिरवणुकीतलं थर्माकोल गाईच्या पोटात जावं, हे मला तरी बघवत नाही.

रेशमाचं जरा अवघड आहे. आता आपल्या भागात बरेच शेतकरी तुती लावतात, जालन्याला कोशांची बाजारपेठ आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. ओळखीच्या एका बाईंनी प्रेमानं मुलांसाठी पिशवीभर कोश आणून दिले. कापून रंगवले की त्यांची फार सुरेख फुलं होतात. लेकीनं एक कोश कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. "कोण आहे आत?" मी खरं ते सांगितलं, की अखंड धागा हवा असेल तर आतल्या जिवाला बाहेर पडू देत नाहीत, उष्णता देऊन मारतात. पिशवी आम्ही हात जोडून परत दिली. बाई थोड्या नाराज झाल्या. आणि माझ्या त्या पहिल्या नंबरच्या तोरणाला गोंडे होते ते "रेशमी" म्हणूनच घेतले होते मी! खरे रेशमाचे होते की प्लॅस्टिकच्या धाग्याचे, ते तेव्हा विचारलंही नाही. दोन्हींतलं काहीही निघालं तरी शोभा नाहीच.

तोरणासाठी आता कापसाच्या बोंडांची टरफलं. परभणी जिल्ह्यात याहून फुकटची वस्तू नाही. कापूस वेचला की उरतं ते टरफल चार-पाच पाकळ्यांच्या लाकडी फुलासारखंच दिसतं. किडकी बोंडं घेऊ नका, त्यात बोंडअळी असू शकते. स्वच्छ, उघडी, वेचलेली तेवढी घ्यायची, झटकायची, दोन दिवस उन्हात ठेवायची. मुलांनी गेरूनं, हळदीच्या पाण्यानं रंगवायची. दोरा ओवायला मोठी बोथट सुई. पाच वर्षांचं मूलसुद्धा करतं हे. आणि आजी घरात असतील तर मुलांना त्यांच्या शेजारी फुलवाती वळायला बसवा. माझ्या लेकीच्या पहिल्या वीस वाती सुरवंटासारख्या झाल्या. सासूबाईंनी त्या फेकल्या नाहीत, डब्यात वेगळ्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "निर्वाण लाडूच्या दिवशी याच लावू."

पुण्याकडे मुलं दिवाळीत किल्ला करतात, तो आता फोनवर बघून आमच्याकडेही हवा असतो. पावसाळा सरताना ओली माती उकरली की गांडुळं निघणारच. आम्ही पडलेल्या माळवदाची जुनी पांढरी माती आणली. वर्षानुवर्षं कोरडी, चाळून घेतली की झालं. किल्ला कसला, पावापुरी केली मुलांनी. मध्ये परातीत पाणी, त्यात खोक्याचं जलमंदिर. कमळं कागदाची, पाण्यात ठेवल्यावर तासाभरात बुडाली.

रांगोळीवरून सासूबाईंचं आणि माझं पटत नाही. त्या म्हणतात तांदळाच्या पिठाची घाल, मुंग्यांना अन्न मिळतं. मी म्हणते दारात मुंग्या आल्या की सणाच्या गडबडीत पायाखाली जातात. सध्या तोडगा असा, की दारात दगडी रांगोळी, आणि पीठ मागच्या भिंतीशी जिथं कुणी जात नाही तिथं. रांगोळीत काय काढायचं हा प्रश्न मात्र मुलांना पडत नाही. १९७४ मध्ये निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षी ठरलेलं आपलं जैन प्रतीक त्यांना पाठ आहे: बाहेर लोकाकृती, खाली हात, मध्ये स्वस्तिक, वर तीन ठिपके आणि सिद्धशिला. स्वस्तिकाच्या चार टोकांना चार गती, तीन ठिपक्यांना रत्नत्रय, हे काढता काढता सांगितलं की लक्षात राहतं. आमच्या रांगोळीतला हात सहा बोटांचा झाला आहे.

राहिला दिव्यांचा प्रश्न. काहीजणी म्हणतात, जीव मरतात तर दिवा, कंदील लावूच नये. मला ते पूर्ण पटत नाही. आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणात, म्हणजे शके ७०५ च्या ग्रंथात, पावानगरीत निर्वाणाच्या वेळी उजळलेल्या दिव्यांचं आणि दीपालिकेचं वर्णन आहे. परंपरा जुनी आहे. पण म्हणून रात्रभर झगमगाट करायला कुणी सांगितलं? कंदिलाचं तोंड खालून उघडं असलं की किडे आत शिरतात आणि सकाळी तळाशी मेलेले मिळतात, हे प्रत्येकीनं बघितलं आहे. खालून मलमलीचा तुकडा ताणून बांधा. पांढऱ्या झगझगीत दिव्यापेक्षा पिवळसर एलईडी लावा, त्याकडे किडे कमी येतात. पणतीवर काचेची चिमणी ठेवा. आणि नऊ वाजता बंद करा. आमच्याकडे बटण बंद करायची पाळी लेकीची आहे, ती एक मिनिटही इकडेतिकडे होऊ देत नाही.

आता पाठशाळेच्या स्पर्धेबद्दल. घरून करून आणायची पद्धत बंद करावी, असं मी मांडलं आहे. मुलांनी मंदिराच्या ओसरीत दोन तास बसून तिथंच करावं, नंबर काढूच नयेत, आणि जे होईल ते सगळं मंदिराच्या दाराला लावावं. एका काकूंनी लगेच विचारलं, "आणि पाहुणे आले तर दार कसं दिसेल?" मी म्हटलं, मुलांनी केलंय असं दिसेल. त्या गप्प झाल्या, पण पटलं असं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. दुसरी म्हणाली, मुलांना बक्षीस नसेल तर येतील कशाला? कदाचित थोडी कमी येतीलही. बक्षिसासाठी येणाऱ्या आया तर नक्कीच कमी येतील, त्यातली एक मी होते.

पाठशाळेच्या ताईंनी यंदा एकदा करून बघू म्हटलं आहे. येत्या रविवारी दुपारी तीन ते पाच. मुलांना जेवू घालून पाठवा, म्हणजे सूर्यास्ताची घाई होणार नाही. बोंडाची टरफलं माझ्याकडे दोन पोती आहेत. येताना बोथट टोकाची कात्री आणि एक जुना पंचा आणा. खळ मी करून आणते. आणि आपण सगळ्याजणी बाहेर पायरीवर बसायचं, आत डोकवायचं नाही.