जखम भरायची तर ताट भरा

घरात अंथरुणाला खिळलेलं, पायाला मधुमेहाची जखम झालेलं किंवा खुब्याचं ऑपरेशन होऊन नुकतंच घरी आलेलं वयस्कर माणूस असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. ड्रेसिंग वेळेवर होतं, गोळ्या चुकत नाहीत, रात्री उठून कूस बदलून दिली जाते, तरीही जखम आठवडेच्या आठवडे तशीच राहते. अशा वेळी मलम बदलण्याआधी एकदा ताटाकडे पाहा, एवढी विनंती आहे. आपल्याकडे जखम झाली की पहिली काट ताटाला लागते. तुरीच्या डाळीने पू होतो, अंडं उष्ण पडतं, आंबटाने जखम चिघळते, म्हणून सगळं बंद. मग उरतं काय? सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं, दुपारी मऊ भातावर वरणाचं वरचं पाणी, रात्री तांदळाची पेज. हे पथ्य मायेपोटी पाळलं जातं, यात शंका नाही. पण त्याने जखमेचाच घास काढून घेतला जातो.

हिशेब करून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. बेडसोर झालेल्या आणि खाणं कमी पडत असलेल्या रुग्णासाठी 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हाच आकडा 1.2 ते 1.5 ग्रॅमवर नेतात आणि जोडीला दर किलोमागे 30 ते 35 कॅलरी सांगतात. म्हणजे 50 किलो वजनाच्या आजींना दिवसाला 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं हवीत. वरच्या ताटातून पंधरा-वीस ग्रॅमही जेमतेम मिळतात. बाकीची शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढतं, आणि उतारवयात ती शिल्लक आधीच कमी झालेली असते. वाहत्या जखमेतून प्रथिनं रोज बाहेरही जातात. शिवाय एकूण खाणंच अपुरं असेल, तर पोटात गेलेली थोडीफार प्रथिनंही जळणासारखी खर्च होतात आणि नवी कातडी विणायला काही उरत नाही. म्हणून डाळ वाढवून भात-भाकरी तोडणं हेही चूकच.

आता पुवाचं. पू होतो तो जंतूंमुळे. खाल्लेली डाळ पोटात पचते, तिचे बारीक घटक होऊन रक्तात जातात. ती डाळ म्हणून जखमेपर्यंत पोचतच नाही. उलट जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं तयार व्हायला प्रथिनंच लागतात. आंबटाबद्दलचा पुरावा तर फार बोलका आहे. बॉस्टनचे तरुण सर्जन जॉन क्रँडन यांनी स्वतःवर प्रयोग केला, तो 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. क जीवनसत्त्व नसलेलं अन्न ते महिनोन्‌महिने खात राहिले. तीन महिन्यांनी त्यांच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली मात्र वरवर मिटली, आतून जुळलीच नाही. मग क जीवनसत्त्व दिलं आणि दहा दिवसांत आतली जखम भरू लागली. जखम सांधणारा कोलॅजनचा धागा या जीवनसत्त्वाशिवाय पक्का होत नाही. धडधाकट तरुणाचा साठा संपायला काही महिने लागले. वर्षभर फळ न चाखलेल्या आजोबांकडे साठा असणार तरी किती? पेरू, आवळा, मोसंबी द्या. लिंबू शिजवताना न घालता ताटात पिळा, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होतं.

‘म्हाताऱ्या माणसाला पचत नाही’ हा आक्षेप ऐकायला हवा. पण पुष्कळदा अडचण पचनाची नसते. कवळी सैल झालेली असते, चव गेलेली असते, एका वेळी जास्त खाववत नाही. तेव्हा मुगाचं घट्ट वरण घोटून द्या, मऊ भातात दोन चमचे दाण्याचं कूट आणि तूप कालवा, नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात शिजवा, चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून द्या, आणि हे पाच-सहा वेळा थोडं थोडं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं जखमेसाठी फारच गरजेचं आहे, पण ते औषधाने आणि योग्य आहाराने. उपाशी ठेवून नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नका, डॉक्टरांकडून आकडा घ्या. डायलिसिस सुरू असलेल्यांची गरज आणखी निराळी असते. आहाराबद्दलचे सगळे अभ्यास एकाच दिशेने बोलत नाहीत, हेही खरं. कमतरता नसताना जस्ताच्या किंवा क जीवनसत्त्वाच्या गोळ्या गिळून जखम लवकर भरते, असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणूनच महागडे पावडरचे डबे आणा असं इथे म्हटलेलं नाही. काही रुग्णांना ते लागतात, पण बहुतेक घरांत दाणे, डाळी, फुटाणे आणि दही असतंच. आणि कूस बदलणं, जखम स्वच्छ ठेवणं, पायाचा रक्तपुरवठा तपासून घेणं याला अन्न हा पर्याय नाही. पण अन्नाशिवाय ही सगळी मेहनत अपुरी पडते.

ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट आणि वाडी-सोसायटीतल्या मंडळींनी हा विषय आपल्या बैठकीत घ्यावा. आजाऱ्याला भेटायला जाताना बिस्किटांच्या पुड्याऐवजी डझनभर अंडी, दूध किंवा चार पेरू न्या. घरात कुणी एकटं राहत असेल, तर दुपारचं घट्ट वरण शेजारून जाऊ द्या. घरच्यांनी दर आठवड्याला वजन करावं. काटा नसेल तर हातातल्या बांगड्या सैल झाल्या का, अंगठी गळून पडते का, तेवढं तरी बघावं. आजींनी एकादशी किंवा श्रावणी सोमवार धरला असेल, तर जखम भरेपर्यंत तो सोडावा म्हणून त्यांची समजूत काढा. एकट्या सुनेला हे जमणार नाही, थोरल्यांपैकी कुणीतरी बोलायला हवं. आणि पुढच्या ड्रेसिंगला जाल तेव्हा ‘मलम कोणतं लावू?’ याच्या आधी ‘यांना दिवसाला किती प्रथिनं द्यायची?’ असं डॉक्टरांना विचारा आणि तो आकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा.