परसातली कोंबडी कोणाची?



कोंबड्यांवर संपादकीय कशाला, असं काहीजणींना वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, जमिनीतला वाटा हे सगळं सोडून कोंबड्या? सोडलेलं काहीच नाही. मावळातल्या वाड्यांवर बैठकीला जाते तेव्हा जमिनीचा विषय निघाला की बायका गप्प होतात, कारण सातबाऱ्यावर नावच नसतं. कोंबड्यांचा विषय निघाला की सगळ्या एकदम बोलायला लागतात. विकायची की ठेवायची, हे आपण ठरवतो असं सांगतात. जरा खोदून विचारलं की कळतं, पाहुणा आला की कोणता कोंबडा कापायचा हे ठरवणारा वेगळाच असतो. आणि बाई लावणीला गेलेली असताना व्यापारी दारात आला, तर पैसेही त्याच्याच खिशात जातात.

2019 च्या पशुगणनेनुसार देशात परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे 31.7 कोटी होती, मागच्या गणनेपेक्षा जवळजवळ 46 टक्क्यांनी जास्त. पहाटे खुराडं उघडणं, कण्या टाकणं, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणं, घार आली की पिल्लं डालग्याखाली लोटणं, संध्याकाळी मोजून आत घेणं. ही कामं कोण करतं हे तुम्हांला सांगायला नको. पण आपण त्याला घरकामच म्हणतो, आपल्या शिबिरांतही.

या भागात आता हौसेने कोंबड्या पाळणारेही वाढलेत. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांच्या आवारात देखणे कोंबडे हिंडतात, काळ्या कडकनाथची चौकशी होते. (राखणदाराची बायको त्यांचं सगळं करते, तिच्या पगारात हे काम धरलेलं नसतं.) पवनेच्या काठी तंबूत उतरणाऱ्यांना गावठीच कोंबडी हवी असते. कार्ल्याला एकवीरेची चैत्रातली यात्रा, आषाढात गटारी, अशा वेळी भाव चढतो आणि श्रावणात उतरतो. भाव चढला की घाई होते, आणि घाईत रोग शिरतो.

बायकांची आपापसातली देवघेव मात्र जुनी आहे. एकीने तलंग द्यायची, दुसरीने सांभाळायची, पिल्लं निम्मी-निम्मी. नवी सून वेगळी राहिली की शेजारीण रवणासाठी अंडी देते. आपल्याच कळपातला कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला तर पिल्लं कमजोर निघतात, म्हणून जाणत्या बायका शेजारच्या वाडीशी कोंबडा बदलून घेतात. बँक दारात उभी करत नव्हती तेव्हापासून हे चालत आलेलं आहे आणि यात व्याज नाही. बचत गटांचं कौतुक करताना या व्यवहाराची आठवण कोणालाच होत नाही.

हे सगळं एका आठवड्यात संपवतो तो राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी. हिरवट हगवण, पंख गळणं, मान वाकडी होणं आणि मग खुराडं रिकामं. उपचार नाही, लस आहे. ती पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. औंध ते कामशेत हे अंतर लोकलने जाणाऱ्या भाजीवालीला रोजचं वाटतं, लशीला मात्र ते पार करवत नाही. कारण साधं आहे. लशीची कुपी निदान 100 पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. कोंबड्यांची शेड असणाऱ्याला हे सोयीचं. आठ कोंबड्या असणारी बाई 92 मात्रा ओतून देणार का? म्हणून ती लसच घेत नाही. मग तिच्यावर अडाणी, निष्काळजी असा शिक्का बसतो. मला या शिक्क्याचा फार राग येतो. अज्ञान त्या बाईचं नाही, कुपीचा आकार ठरवणाऱ्याने तिला गिऱ्हाईक म्हणून मोजलेलंच नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच बायकांबद्दल आहे, ती बोलायला अवघड जाते. दोन कोंबड्या माना टाकायला लागल्या की उरलेल्या बाजारात नेऊन विकल्या जातात. नुकसान टाळायची ती धडपड असते, हे समजतं. पण त्या विकत घेणारी बहुधा दुसऱ्या वाडीवरची बाईच असते. नवी कोंबडी आणली की दोन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवायची, तिची दाणा-पाण्याची भांडी निराळी, मेलेला पक्षी ओढ्यात न टाकता चुना घालून पुरायचा, एवढं पाळलं तरी पुष्कळ वाचतं. रोगट पक्षी बाजारात नेणार नाही असं वाडीने मिळून ठरवायला हवं. एकटीने ठरवून भागत नाही.

सरकारी योजनेतून सुधारित जातीची पिल्लं मिळतात. खडकीच्या अंडी उबवणी केंद्रातूनही मिळतात. गिरिराज, वनराज अंडी जास्त देतात, वजनही भरतं. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे पिल्लांसाठी पुन्हा केंद्राकडे किंवा व्यापाऱ्याकडे जायचं. त्या पाळू नयेत असं मी म्हणत नाही. घरात दोन-तीन गावठी राहू द्याव्यात, नाहीतर बियाणं हातातून गेलं तसं रवणही जाईल. कडकनाथच्या नावाने सांगली भागात लोकांची फसवणूक झाल्याचं प्रकरण 2019 मध्ये उघडकीला आलंच होतं.

बर्ड फ्लूचंही बोललं पाहिजे. देशात तो प्रथम 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आढळला. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात आला तेव्हा आजूबाजूच्या एक किलोमीटरमधले पक्षी मारायचं ठरलं. अशा वेळी परसातली कोंबडीही सुटत नाही. मारणं गरजेचं असेल, पण पंचनाम्यात मालक म्हणून नाव कोणाचं लिहायचं? सांभाळणारीचं लिहा, हा आग्रह साथ यायच्या आधीच ग्रामसभेत धरायला हवा.

तोपर्यंत हातातलं काम. उन्हाळ्याच्या तोंडाशी वाडीवार मोजणी करा, पिल्लं किती, आठ आठवड्यांच्या पुढच्या किती. पाच-सात दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आठ आठवड्यांनी आर-टू-बी चं इंजेक्शन. चार वाड्यांच्या मिळून 100 कोंबड्या सहज भरतात. ती यादी घेऊन पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे लेखी मागणी द्या, अर्जाची पोच घ्या. ‘उमेद’ची पशुसखी गावात असेल तर तिला बरोबर घ्या, आणि तिच्या हातात बर्फाची पेटी आणि जाण्यायेण्याचं भाडं द्यायला लावा. लसीकरण पहाटे खुराडी उघडायच्या आधी ठेवा, दुपारी कोंबड्या रानात आणि बायका कामावर असतात. यादीत प्रत्येक खुराड्यापुढे बाईचंच नाव लिहा. कोणत्या वाडीत किती भरल्या आणि अधिकाऱ्याने काय उत्तर दिलं, ते पुढच्या अंकासाठी कळवा.