पान्याइतकेच सॉफ्टवेअरही ताजे हवे

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे ‘ट्रेम ४’ निकष लागू झाले. तेव्हापासून अशा बहुतेक ट्रॅक्टरमध्ये डिझेल किती आणि केव्हा सोडायचे, हे ‘ईसीयू’ नावाची इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. ही पेटी म्हणजे इंजिनाचा मुकादमच!

त्यामुळे इंजेक्टर बदलला की काम संपले, असे आता राहिले नाही. बहुतेक नव्या इंजेक्टरवर कोड छापलेला असतो, तो स्कॅनर लावून पेटीत भरावा लागतो. नाही भरला तर इंजिन अडखळते, धूर टाकते. शिवाय कंपन्या पेटीतल्या प्रोग्राममध्ये वेळोवेळी दुरुस्त्या करतात. मिस्त्रीच्या स्कॅनरमधले सॉफ्टवेअर जुने असले, तर त्याला नवे मॉडेल ओळखूच येत नाही. मग ‘पेटीच गेली’ असे निदान होते आणि शेतकऱ्याच्या खिशाला भोक पडते.

स्वस्तातली चोरीची प्रत वापरणे तर त्याहून वाईट. चुकीचा प्रोग्राम भरला, किंवा भरताना मध्येच बॅटरी उतरली, तर चांगली पेटी निकामी होऊ शकते. आपल्याकडच्या विजेचा भरवसा काय सांगावा! म्हणून लॅपटॉप आणि ट्रॅक्टरची बॅटरी, दोन्ही पुरेशी चार्ज असल्याशिवाय या कामाला हात घालू देऊ नका.

पण सगळे खापर मिस्त्रीच्या डोक्यावर फोडून चालणार नाही. अस्सल सॉफ्टवेअर डीलरपुरतेच ठेवले, तर त्याने करायचे काय? वापसा काही डीलरच्या नंबरासाठी थांबत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. शेतीयंत्रांचे सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्यांना व बाहेरच्या मिस्त्रींनाही देणे त्याने कंपन्यांवर बंधनकारक केले. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात शेतीयंत्रेही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, ट्रॅक्टर घेण्याआधीच डीलरला लेखी विचारा : प्रोग्राम कोण बदलणार, किती पैसे घेणार, बांधावर येणार का? दुरुस्तीच्या पावतीवर प्रोग्रामची जुनी-नवी आवृत्ती लिहून घ्या. अवजार बँकांनीही यंत्रखरेदीच्या करारात ही अट घालावी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये अद्ययावत स्कॅनर हवा, असा ठराव ग्रामसभेने करून वर पाठवावा. मागितल्याशिवाय हे मिळणार नाही.