पात्रता कोणाची तपासावी?

महाविद्यालयीन खेळांविषयीं आपल्याकडे एक शिष्टमान्य समज रूढ आहे. तो असा कीं, खेळाडूवर अभ्यासाच्या पात्रतेचे जितके कडक निर्बंध घालावे, तितकी विद्येची अब्रू सुरक्षित राहते. आमच्या मतें हें अर्धसत्य आहे. आणि अर्धसत्याला नियमाचें बळ मिळालें म्हणजे त्याची शिक्षा दुर्बळालाच भोगावी लागते.

आंतरविद्यापीठ सामने भरविणारा भारतीय विश्वविद्यालय संघ १९२५ सालीं आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून जन्मला व १९७३ पासून आजच्या नांवानें ओळखला जातो. खेळाडू हा नियमित, पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी असावा, पूर्ण वेळ नोकरींत नसावा, ठराविक वयाच्या आंत असावा, या त्याच्या मुख्य अटी. त्यांच्या जोडीला मुंबई विद्यापीठाची ७५ टक्के हजेरीची अट आहेच. कागदावर यांत वावगें कांहींच नाहीं.

परंतु हाच कागद रायगड जिल्ह्यांतील कुडपणला नेऊन पाहा. पोलादपूर तालुक्यांत, प्रतापगडाच्या बाजूच्या डोंगरांत वसलेलें, शेलारमामांचें म्हणून सांगितलें जाणारें हें गांव. येथल्या मुलाला पदवीसाठीं डोंगर उतरून पोलादपूर नाहीं तर महाड गांठावें लागतें. पावसाळ्यांत हा डोंगर काय करूं शकतो, तें २०२१ च्या जुलैंत याच तालुक्यांतील केवनाळें व साखर सुतारवाडी या वस्त्यांनीं दरडीखालीं भोगलें आहे. रोज ये-जा करावी तर हजेरी बुडते. खोली घेऊन राहावें तर भाडें हवें. भाड्यासाठीं दिवसभराची नोकरी धरावी तर 'पूर्ण वेळ विद्यार्थी' हें नांव जातें. मति मंद म्हणून नव्हे, तर खिसा रिकामा म्हणून तो अपात्र ठरतो. आणि नियम मात्र छाती पुढें काढून सांगतो कीं, मीं विद्येचें रक्षण केलें!

यांत संघाचीहि हानि होते. कबड्डी हा साखळीचा खेळ. कोपरा कोणीं सांभाळावा, साखळी केव्हां आवळावी, याचा मेळ सात गड्यांत एका हंगामांत बसत नाहीं. पदवी घेऊन गडी गेला तर खेद नाहीं; ती वाहत्या पाण्याची रीत आहे. पण विषय राहिले, नांव कमी झालें, मुंबईस कामाला गेला, अशा कारणांनीं दर जूनमध्यें गडी गळूं लागले, तर संघ कसला आणि परंपरा कसली? नव्या नांवांची यादी दरवर्षीं तयार होते. गळलेल्यांची यादी कोण करतो?

यावर प्रतिपक्ष म्हणेल कीं, अटी सैल केल्यास संस्था नांवापुरते विद्यार्थी दाखल करतील आणि पदवीच्या वर्गांत तिशीचे पहिलवान बसतील. ही भीति खरी आहे. म्हणूनच अटी उठवा असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही पुसतों तें इतकेंच: खेळाडू नापास झाला तर दोष त्याच्या एकट्याच्याच माथीं कां? त्याला मैदानांत उतरविणारी, त्यानें जिंकलेली ढाल दर्शनी दालनांत मांडणारी संस्था निर्दोष कशी?

अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांचा पैशाचा बाजार आम्हांस मुळींच अनुकरणीय वाटत नाहीं. पण हा प्रश्न तेथें विचारला गेला. बेसबॉलचे संघ फार विस्कळूं लागले, तेव्हां २००८ पासून संघाची संख्या ३५ वर बांधली गेली, संस्था बदलणाऱ्यास एक वर्ष बसवून ठेवण्याचें ठरलें व वसंतांतल्या हंगामाची पात्रता शरदांतच तपासली जाऊं लागली. बसवून ठेवण्याचें हें बंधन २०२१ मध्यें सैल झालें. परंतु त्याआधींपासून तेथें दुसरेंहि एक माप लागूं झालें होतें. शिष्यवृत्तीवरचा खेळाडू अभ्यासांत पात्र राहिला तर एक गुण, संस्थेंत टिकला तर दुसरा. या गुणांवरून साऱ्या संघाचा हजारांपैकीं आंकडा काढावयाचा, व तो ९३० च्या खालीं गेला तर शासन संघाला. कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉल-संघ २०११ चा विजेता; त्यालाहि याच मापानें २०१३ च्या अजिंक्यपद स्पर्धेचें दार बंद झालें.

आपल्याकडे याच्या जागीं काय आहे? सवलतीचे गुण! दहावी-बारावीला २५ पर्यंत, मुंबई विद्यापीठांत १०. शिकविण्याचें कर्तव्य टाळून गुणांचा जोगवा वाढणें, ही खेळाडूची कदर नव्हे. ती संस्थेनें स्वतःला दिलेली क्षमा आहे.

म्हणून आमची मागणी अशी. प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या संघांतील किती गडी पुढच्या वर्षीं शिकत राहिले, हा आंकडा दरवर्षीं प्रसिद्ध करावा. सामन्यांमुळें बुडालेले तास भरून द्यावे. आणि गरजू खेळाडूला 'कमवा आणि शिका' योजनेंत पहिला हक्क असावा. कुडपणच्या डोंगरापलीकडे सातारा जिल्हा लागतो. तेथेंच १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापून कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं श्रम व विद्या एका पंक्तीस बसविल्या. ती शिकवण डोंगराच्या अलीकडे येण्यास कोणता नियम आड येतो?

विद्यार्थ्याची पात्रता अवश्य तपासा. पण त्याच ताजव्यांत संस्थेलाहि बसवा. जी संस्था आपल्या गड्याला वर्गांत टिकवूं शकत नाहीं, तिला त्याच्या नांवानें मैदानांत मिरविण्याचा अधिकार नाहीं.